शिंदीचा वढा

आमच्या गावाच्या उगवतीला एक वढा आहे. पावसाळ्यात चार महिने वाहतो आणि पुढं कयाधूला मिळतो. म्हातारी माणसं त्याला अजून 'शिंदीचा वढा' म्हणतात. शिंदीचं झाड मात्र तिथं औषधालाही उरलेलं नाही. पोरं विचारतात, "शिंदी म्हंजे काय असते, गुरुजी?" ती झाडं कशी गेली, त्यांच्या जागी काय काय आलं आणि त्यात आमच्या घरातला एक माणूस कसा गेला, हे एकदा लिहून ठेवायचं होतं. वय झालंय. आता नाही लिहिलं तर राहूनच जाईल.

गाव सेनगाव तालुक्यातलं. आज जिल्हा हिंगोली. १ मे १९९९ च्या आधी आमचा जिल्हा परभणी होता. त्याच्याही आधी, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, आम्ही निजामाचे. उत्तरेला काही कोस चाललं की वऱ्हाड लागायचं, आणि १८५३ पासून तिथं इंग्रजाचा अंमल. माझा आज्जा असा दोन राज्यांच्या शिवेवर वाढला. मीठ एका राज्याचं, सोयरीक दुसऱ्या राज्यातली, आणि मधे करोडगिरीचं नाकं.

आमच्याकडं कंत्राटदाराला अजून गुत्तेदार म्हणतात. रस्त्याचं काम घेतलेला गुत्तेदार, तळं खोदणारा गुत्तेदार. आणि दारूच्या अड्ड्यालाही गुत्ताच म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, हे दोन वेगळे शब्द असतील. पुढं कळलं की दोन्ही एकाच घरचे. निजामाचं आबकारी खातं शिंदी आणि दारू विकायचा हक्क लिलावात काढायचं. ज्याची बोली मोठी, त्याचा गुत्ता. सरकारची रक्कम बांधून झाली की पिणाऱ्याकडून ती कशी वसूल करायची, हे गुत्तेदारानं बघायचं. गाव जास्त प्यायलं की गुत्तेदार खुश. पुढच्या लिलावात बोली चढली की सरकार खुश. हैदराबाद संस्थानाच्या उत्पन्नातल्या मोठ्या बाबींपैकी आबकारी ही एक होती. आमच्या भाषेतल्या एका शब्दात हा सगळा हिशेब अजून बसलेला आहे.

शिंदी म्हणजे रानटी खजुरीचं झाड. संध्याकाळी खोडाच्या शेंड्याशी खाच मारायची आणि खाली मडकं बांधायचं. रातभर रस ठिबकायचा. पहाटे उतरवला तर ती नीरा, गोड आणि लेकरालाही चालणारी. ऊन चढलं की तोच रस आपोआप आंबायला लागतो आणि दुपारपर्यंत त्याची शिंदी होते. नशा असते ती शेकडा चार-पाच टक्के अल्कोहोलची. आज्जा सांगायचा, "दिस मावळला की सगळे झाडाखाली बसायलेत. गप्पा, भजनं, भांडणं, सगळं तिथंच." मी काही शिंदीचं कौतुक करत नाही. आमच्या आजीच्या पायातले वाळे त्याच झाडाखाली गेले. गुत्तेदाराकडं उधारी चालायची आणि खळ्यावर ज्वारीची रास पडली की त्याचा माणूस पोतं घेऊन हजर. आजी म्हणायची, "आमची रास आधी त्याच्या घरी जायची, मंग आमच्या."

मग १९४७ आलं. देश स्वतंत्र झाला, आम्ही नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्ट १९४७ ला 'भारतात सामील व्हा' दिन पाळला आणि गावोगाव लढा पेटला. लढ्याचा कार्यक्रम साध्या माणसाला जमेल असा होता. झेंडा लावा, जंगल सत्याग्रह करा, लेव्हीचं धान्य देऊ नका, करोडगिरीचे नाके उठवा आणि शिंदीची झाडं तोडा. यातलं शेवटचं कलम माझ्या आज्जाला सगळ्यात जास्त पटलं. झाड सरकारच्या तिजोरीत पैसा ठिबकवतं, तर झाडच आडवं करा. बंदूक लागत नाही. कुऱ्हाड प्रत्येकाच्या घरी असते.

एका रातीत आज्जानं आणि आणखी सात-आठ जणांनी वढ्यातली झाडं पाडली. किती, ते आज्जा दर वेळी वेगळं सांगायचा. कधी वीस, कधी चाळीस. एक गोष्ट मात्र बदलायची नाही. झाडं तोडणाऱ्यांतले निम्मे आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच झाडांखाली बसणारे होते, आणि आज्जाही त्यातलाच. पहाटे पाडलेल्या झाडाचा रस मातीत जाताना पाहून एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं म्हणे. कोणी हसलं नाही.

पुढं पोलीस आले, रझाकार आले. आज्जा रातोरात वऱ्हाडात सोयऱ्याकडं पळाला. त्या काळी उमरखेडसारख्या वऱ्हाडातल्या गावांत लढणाऱ्यांचे कँप होते. आज्जा कँपात नव्हता. सोयऱ्याची गुरं राखत दिवस काढले, एवढंच. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला आणि आठवड्यानं आज्जा घरी परतला. तेव्हापासून तो प्यायला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "आपणच तोडलं, आता कुठल्या तोंडानं प्यावं?"

आज वाटतं, आज्जाला फार मोठं बळ मिळालं होतं. त्याचं सोडणं त्याच्या एकट्याचं नव्हतं. सगळ्या मुलखाचं काहीतरी बदलत होतं आणि हा त्यात सामील होता. पुढं आमच्या घरात ज्याला सोडायची होती, तो एकटा पडला.

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. तिच्या ४७ व्या कलमात लिहिलं आहे की आरोग्याला घातक अशा मादक पेयांवर आणि पदार्थांवर बंदी आणण्याचा सरकारनं प्रयत्न करावा. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि पाठोपाठ मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदाही आमच्या दाराशी आला. गुत्ता कागदावर संपला. वढ्यात भट्टी लागली.

माझा जन्म १९५४ चा, त्यामुळं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गूळ नाहीतर मोहाची फुलं मडक्यात भिजत घालायची, नवसागर टाकायचा, जमिनीत पुरून सडवायचं. आठवड्यानं चुलीवर चढवायचं आणि वाफ गार करून थेंब थेंब धरायचं. पहिल्या धारेची सगळ्यात कडक. आपण बोलताना 'पहिल्या धारेचा' म्हणून सहज म्हणतो, तो शब्द इथला. भट्टी लावणारी बाई विधवा होती. तीन लेकरं, शेत नाही. धाड पडली की पोलीस मडकी फोडायचे, तिला नेऊन बसवायचे, आणि आठ दिवसांत पुन्हा धूर दिसायचा. आम्हा पोरांना ती पाच पैसे द्यायची. पोलीस दिसले की शीळ घालायची, एवढंच काम. मीही शीळ घातलेली आहे. पुढं चाळीस वर्षं मास्तरकी केली, पोरांना 'दारूचे दुष्परिणाम' असा निबंध घातला, आणि प्रत्येक वेळी ती शीळ आठवली.

बंदीनं दारू थांबली नाही, पण एक बदल झाला. झाडाखालचं उघड बसणं गेलं. पिणं चोरून व्हायला लागलं, घाईघाईनं, एकट्यानं. चार टक्क्यांची शिंदी घटकाभर बसून पितात. भट्टीची मात्र उभ्या उभ्या घशात ओततात.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी अठराचा होतो. आम्ही दोघं भाऊ खडी फोडायला होतो. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. त्याआधीच, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, दारूबंदी सैल होत चालली होती. 'परमिट रूम' हा शब्द त्याच काळाचा. पिण्याचा परवाना असेल त्यानंच प्यायची, अशी कायद्याची भाषा. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि सरकारमान्य देशी दारूचं दुकान हा प्रकार सुरू झाला. काही वर्षांत तो आमच्याही बाजाराच्या गावात दिसायला लागला. पाटी, लायसन नंबर, जाळीच्या मागं बसलेला माणूस. आज्जा तेव्हा थकला होता. पाटी पाहून आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "झाडं तोडली रे बापू, पण तहान काही तोडता आली नाही."

देशीच्या बाटलीवर '२५ यू.पी.' असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. त्यात अल्कोहोल असतं ४२.८ टक्के. म्हणजे आज्जा जी शिंदी प्यायचा तिच्यापेक्षा नऊ-दहा पट कडक. आज्जाच्या हातात तांब्या असायचा. धाकट्याच्या हातात १८० मिलीची क्वार्टर आली.

धाकट्याचं नाव लिहीत नाही. त्याची लेकरं-नातवंडं गावात आहेत. माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगानं दणकट, मनानं लोण्यासारखा. ट्रॅक्टर शिकला. पेरणीच्या दिवसांत रात-रातभर दुसऱ्यांची रानं नांगरायचा. रातच्याला शेतमालक भाकरीसोबत एक क्वार्टर द्यायचे. मजुरीचाच भाग तो. "अंग दुखत नाही दादा, झोप येत नाही," म्हणायचा. पहिल्या दोन-तीन वर्षांत आम्हाला काही वावगं दिसलंच नाही. पोळ्याला प्यायचा, लग्नात प्यायचा. मग बाजाराच्या दिवशी. मग रोज संध्याकाळी. आणि एक दिवस त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं, "जाऊबाई, आता सकाळी तोंड धुवायच्या आधी लागतेय त्याहिला."

आमच्याकडं याला एकच शब्द, नाद. कबुतराचा नाद, तमाशाचा नाद, तसा दारूचा नाद. नाद म्हटलं की तो माणसाच्या मनावर असतो. ठरवलं तर सुटतो, सुटला नाही तर माणूस बेइमान. आम्ही सगळ्यांनी त्याला बेइमान ठरवलं. सकाळी त्याचे हात थरथरायचे, चहाची बशी वाजायची. आम्हाला वाटायचं, नाटकं करायलाय. आईनं कोणाकडून तरी पुडी आणली. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' असं भिंतीवर लिहिलेलं असतं ना, त्यातली. भाजीत घालून दिली. त्याला उलट्या झाल्या, तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली. आठ दिवस थांबला, पुन्हा सुरू. त्या पुडीत काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टर डायसल्फिराम नावाचं औषध देतात. ते घेऊन वर दारू प्यायली की असंच होतं आणि कधी जीवावरही बेततं. म्हणून ते पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. नकळत तर कधीच नाही.

१९९६ चा श्रावण. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. नर्सी आमच्या जवळ, नामदेवांचं गाव. सप्ताह म्हणजे आमच्याकडं मोठी गोष्ट. मी धाकट्याला हाताला धरून वीणेपुढं उभं केलं. सगळ्या गावासमोर त्याला माळ घालायला लावली आणि म्हणालो, "घे शपथ. आजपासून थेंब शिवणार नाहीस." त्यानं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "घेतो दादा. पण माह्या जवळ राह्य." मी म्हणालो, "देव आहे की जवळ."

त्यानं शपथ पाळली. खरोखर पाळली. एक थेंब घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी घामानं गादी भिजली. जेवण गेलं नाही. आम्ही खुश, म्हटलं विष उतरायलंय. तिसऱ्या रातीला तो उठून भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मेलेल्या आज्जाशी बोलायला लागला, "आज्जा, झाड पडायलंय, सरका." अंगात ताप, दात वाजत होते, चार माणसांना आवरत नव्हता. कोणीतरी म्हणालं, बाहेरचं आहे. रातीच देवऋषी आणला. अंगारा, लिंबू, निंबाचा पाला, दोन तास गेले. मग फिट आली. पुन्हा आली. पाऊस चालू, वढ्याला पाणी. पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून निघालो, तो ज्या ट्रॅक्टरवर काम करायचा त्याच. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला. वय अडतीस. गळ्यात माळ तशीच होती.

गाव म्हणालं, दारूनं मेला. मीही तसंच म्हणत राहिलो. सहा-सात वर्षांनी परभणीला शिक्षकांच्या एका शिबिरात एक डॉक्टर बोलायला आले होते. ते व्यसनावर बोलत होते आणि ऐकताना माझे हातपाय गार पडले. ते म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू त्या दारूशी जुळवून घेतो. दारू मेंदूला दाबत असते, म्हणून मेंदू जास्त जोर लावून चालतो. दारू अचानक काढली की दाब जातो, जोर तसाच राहतो. गाडीचं ब्रेक सुटावं तसं. सहा-आठ तासांत कापरं, घाम, उलट्या. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना नाही ते दिसायला, ऐकू यायला लागतं, ताप चढतो, आणि तेव्हा उपचार मिळाले नाहीत तर माणूस जाऊ शकतो. उपचार अवघडही नाहीत. दवाखान्यात ठेवायचं, मेंदू शांत करणारी औषधं मोजून द्यायची आणि हळूहळू कमी करायची, सलाईन, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. पाच-सात दिवसांचा प्रश्न.

पाच-सात दिवस. धाकट्याला दारू सोडायची नव्हती म्हणून तो गेला नाही. त्यानं ती माझ्या सांगण्यावरून, एका दिवसात, औषधाशिवाय सोडली म्हणून गेला. शपथ मीच घातली होती. "जवळ राह्य" म्हणाला तेव्हा त्याला काहीतरी कळत होतं, जे मला कळत नव्हतं.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांच्या फाउंडेशनच्या मदतीतून. मुंबईतल्या गर्दुल्ल्यांवर अवचटांनी लिहिलेलं 'गर्द' तेव्हा गाजलं होतं. धाकटा गेला तेव्हा मुक्तांगणला दहा वर्षं पूर्ण होत होती. तिथं रोज माणसं दारू सोडत होती आणि जिवंत घरी जात होती. पुण्यातून आमच्या गावापर्यंत गुटखा एका वर्षात पोचला. हे ज्ञान मात्र पोचलं नाही. दिल्लीच्या एम्सनं २०१९ साली देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि दारूचं अवलंबन जडलेल्या ३८ जणांमागं एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं तीत दिसलं. उरलेल्या सदतिसांत आमचा एक.

गुटख्याचा विषय निघालाच आहे. नव्वदीत रुपयाच्या आतबाहेरची पुडी आली आणि दुकानांच्या दारांवर तोरणं लागल्यासारख्या माळा लटकल्या. आज्जा तंबाखू मळून खायचा, बाया मशेरी लावायच्या, म्हणून पुडीत कोणाला काही गैर वाटलं नाही. दारू प्यायलेला माणूस ओळखू येतो, पुडी खाणारा नाही. धाकट्याचा पोरगा, माझा पुतण्या, बाप गेला तेव्हा आठ वर्षांचा होता. दारूला तो शिवला नाही. बापाचं पाहिलेलं. पण सातवीत पुडी लागली. तिसाव्या वर्षी एक दिवस म्हणाला, "काका, भाकरीचा घास तोंडात जाईनासा झालाय." तोंडात तीन बोटं उभी जायला पाहिजेत, त्याच्या दोनही जात नव्हती. गालाचं आतलं कातडं चामड्यासारखं झालेलं. सुपारीनं होतं ते, आणि पुढं त्याचा कॅन्सर होऊ शकतो. महाराष्ट्रानं गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी घातली. पुढं पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि दोन्ही तोंडात एकत्र. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक न ओढणारे, खाणारे-लावणारे. पुतण्यानं पुडी सोडली. तोंड पूर्ण उघडत नाही, पण जगतोय.

गांजा आमच्याकडं नवा नाही. जत्रेत, बैराग्यांच्या धुनीपाशी चिलीम फिरायची आणि लोक पाया पडायचे. १४ नोव्हेंबर १९८५ ला अमली पदार्थांचा देशभराचा कायदा लागू झाला तेव्हा बैराग्याचं काय व्हायचं ते झालं, पण शेतकऱ्याला मोह पडला. तुरीच्या, कापसाच्या ओळीत चार झाडं लपवली की पीक गेलं तरी वर्ष निघतं, असा हिशेब. पेपरात दर वर्षी अशा शेतांच्या बातम्या येतात. झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. व्यापारी पकडला जात नाही, दोन एकरवाला जातो. गुत्तेदाराच्या काळी रास जायची, आता शेतकरीच जातो.

आणि आताचं. मालेगावात झोपेच्या गोळीला 'कुत्ता गोळी' म्हणतात, छत्रपती संभाजीनगरात 'बटन'. शिकायला गेलेली पोरं सुट्टीत गावाकडं शब्द घेऊन येतात, कधी कधी मालही. गोळी वास मारत नाही, खिशात मावते. आयांना कळत नाही. पोरगं नुसतं गप्प गप्प राहतं, मोबाईलचे पैसे मागतं. खोकल्याचं औषध बाटलीनं पिणारी, पंक्चरचं सोल्यूशन हुंगणारी लेकरं मी शाळेतच पाहिली. एम्सच्या त्याच पाहणीत हुंगायची नशा मोठ्यांपेक्षा लहानांत जास्त आढळली होती. चार पिढ्यांचा हिशेब मांडला तर दिसतं असं की नशा दर पिढीला जास्त कडक झाली, आकारानं लहान झाली आणि जास्त एकटी झाली. झाड सगळ्या गावाचं होतं. भट्टी चार जणांची. क्वार्टर एकाची. गोळी तर त्या एकालाही लपवता येते.

बायांनी या सगळ्याशी जेवढा झगडा केला तेवढा कोणी केला नाही. २००८ च्या शासनाच्या आदेशाप्रमाणं गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या की दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे बंद. धाकट्याची बायको दारोदार सह्या मागत फिरली. तिला लिहिता येत नव्हतं, त्या वयात सही शिकली. पण आडव्या बाटलीला नुसतं बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. आमच्या बाया दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या, कोणी पुण्याला बांधकामावर. सह्यांचीच बेरीज अपुरी राहिली. ती घरी आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "ज्याहिचे नवरे पितेत त्याहीच बाया टोळीत गेल्यात भाऊजी. कर्ज फेडायला." दुकान पुढं काही वर्षांनी दुसऱ्याच कारणानं हललं, दीड किलोमीटर.

मी आता दर वर्षी १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदनाला जातो. मुक्तिसंग्रामावर बोला म्हणतात. पूर्वी मी आज्जाची कुऱ्हाड सांगायचो, टाळ्या मिळायच्या. काही वर्षांपासून कुऱ्हाडीनंतर धाकट्याची माळही सांगतो. सगळं सांगतो, माझ्या शपथेसकट. टाळ्या वाजत नाहीत. मास्तर मंडळींना अवघड होतं, दिसतं मला.

मागच्या खेपेला भाषण झाल्यावर सहावीतला एक पोरगा मागं मागं आला. चप्पल नव्हती. म्हणाला, "गुरुजी, एकदम सोडली तर माणूस मरतो का?"

म्हटलं, "सगळे नाही मरत. पण रोज सकाळपासून पिणारा असला तर धोका असतो. का रे?"

"आमच्या पप्पानं काल सोडली. मायनं देवाची आण घातली. आज सकाळपासून हात कापायलेत त्याहिचे."

मी त्याला तसाच गाडीवर मागं बसवला. घरी गेलो तर बाप वाकळ पांघरून बसलेला, अंगाला घाम. त्याच्या बायकोला म्हणालो, "ताई, आण चांगली घातली. पण आता ह्याला इथं ठेवू नका." ती म्हणाली, "दवाखान्यात नेला तर लोक काय म्हणतीन?" मी माझ्या भावाचं सांगितलं. सगळं नाही, फक्त तिसरी रात. ती काही न बोलता उठली आणि पिशवीत कपडे भरायला लागली.

१४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फुकटचा नंबर आहे. टेलि-मानसचा १४४१६. मी ते दोन्ही त्या पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले. बाप आठ दिवस दवाखान्यात होता. त्यानं कायमची सोडली की नाही, हे आज सांगता येणार नाही. एकदा पुन्हा घसरला, पुन्हा गेला. डॉक्टर म्हणाले, होतं असं, बीपीच्या, साखरेच्या आजारात पथ्य मोडतं तसं.

त्या आठ दिवसांत मी रोज तिथं जाऊन बसलो. काम काही नव्हतं. नुसतं जवळ बसायचं होतं.